खारपाणपट्ट्यातली गॅलरी आणि बारा कुंड्या

दर्यापूर तालुक्यातील एका खेड्यातून एका ताईंचे पत्र पोळ्याच्या आठवड्यात आले. पत्र बरेच मोठे आहे, म्हणून त्यातला मुख्य मजकूर येथे थोडक्यात देते.

‘आमचे घर गावात आणि वावर तीन किलोमीटरवर आहे. वावरात कपाशी आणि तूर असते. भाजी लावली तर रानडुकरे आणि रोही काही शिल्लक ठेवत नाहीत, म्हणून गेल्या वर्षी माडीवरच्या गॅलरीत बारा कुंड्या मांडल्या. गॅलरी पश्चिमेकडे तोंड करून असून दहा फूट लांब आणि चार फूट रुंद आहे. माती वावरातलीच चाळून भरली आणि शेणखत घातले. शिवरात्रीच्या सुमारास टोमॅटोची रोपे लावली, मेथी आणि सांभार (कोथिंबीर) टाकला. टोमॅटोला भरपूर फुले आली आणि सगळी गळून गेली. सांभार उगवलाच नाही. मेथी बोटभर वाढून पिवळी पडली. माती दगडासारखी झाली आणि तिच्यावर पांढरा थर आला. पाणी बोअरचे देत होते, उन्हाळ्यात कूलरमधले उरलेलेही देत होते. यंदा पावसाळ्यात दोडक्याचा वेल चांगला चढला आहे, फुलेही येतात, पण दोडका धरत नाही. सासूबाई म्हणतात, सात एकर वावर असून भाजी डब्यात लावता, लोक हसतील. माझे नेमके काय चुकले?’

ताई, तुमची मेहनत कमी पडली असे तुमच्या पत्रातून कुठेही दिसत नाही. तुम्ही कुंडीला लहान आकाराचे वावर समजलात, एवढीच खरी चूक आहे, आणि पिढ्यान्‌पिढ्या शेती करणाऱ्या घरांतच ती जास्त होते, कारण वावराची रीत आपल्या हाताला बसलेली असते. वावरात मुळाला वरची माती मानवली नाही तर ते हात-दोन हात खाली जाते, पाणी जास्त झाले तर ते निथरून जाते आणि पाण्यातला खार पावसाबरोबर निदान काही प्रमाणात खाली उतरतो. कुंडीला मात्र तळ असतो. तुम्ही तिच्यात जे घालाल, मग ते खत असो, खार असो वा उष्णता, ते तिथेच साचते आणि मुळाला पळून जायला दुसरी जागा नसते. तुमच्या पत्रातल्या बहुतेक तक्रारींचे मूळ या एका गोष्टीत आहे.

सर्वांत आधी पाण्याकडे पाहू, कारण तुमच्या गावापुरता तो सर्वांत मोठा प्रश्न आहे. अमरावती, अकोला आणि बुलडाणा या तीन जिल्ह्यांतून जाणाऱ्या पूर्णेच्या खोऱ्यात खारपाणपट्टा पसरलेला आहे हे तुम्हाला मी सांगायला नको. विहिरीचे आणि बोअरचे पाणी तोंडात धरवत नाही, हा तिथला रोजचा अनुभव आहे. कुंडीत त्याचा परिणाम किती वेगाने होतो, हे मात्र हिशेब मांडल्याशिवाय लक्षात येत नाही. समजा, एक लिटर पाण्यात 2 ग्रॅम क्षार आहेत आणि तुम्ही एका कुंडीला रोज एक लिटर पाणी घालता, पण खाली काही निथरून जात नाही. झाड पाणी पिते, ऊन पाणी उडवते, क्षार मात्र उडत नाहीत, आणि 90 दिवसांत त्या एका कुंडीत 180 ग्रॅम क्षार, म्हणजे जवळजवळ वाटीभर मीठ, साचलेले असते. तुम्ही पाहिलेला पांढरा थर तोच आहे. मेथी पिवळी पडण्यात आणि पानांच्या कडा करपण्यात त्याचाच मोठा हात असतो.

कूलरचे पाणी तर बोअरच्या पाण्याहूनही वाईट. कूलर दिवसभर पाणी उडवतो आणि आपण वरून पुन्हा भर घालत राहतो, त्यामुळे टाकीत राहिलेल्या पाण्यात क्षार दाट होत जातात. वाळ्याच्या जाळीवर जी पांढरी खपली धरते ती त्याचीच खूण आहे. मी स्वतः एका उन्हाळ्यात पाणी वाया जाऊ नये म्हणून हे पाणी मोठ्या हौसेने मिरचीच्या आठ झाडांना घातले होते. पंधरा दिवसांत पानांची टोके विडीने चटके दिल्यासारखी तपकिरी झाली, आणि मी मात्र उन्हाला दोष देत राहिले. गावातल्या आरओ यंत्रातून बाहेर टाकले जाणारे पाणी याच जातीचे असते, तेही कुंड्यांना घालू नये.

मग पाणी आणायचे कुठून? तुमच्याकडे पिण्यासाठी धरणाचे नळपाणी येत असेल तर स्वयंपाकघरातच रोज दहा-बारा लिटर पाणी कुंड्यांसाठी निघू शकते. तांदूळ आणि डाळ धुतलेले पाणी, भाजी धुतलेले पाणी, माठ विसळलेले पाणी एका बादलीत साठवा. मीठ घालून उकळलेले पाणी आणि कपड्यांचे साबणाचे पाणी मात्र त्यात येऊ देऊ नका, कारण साबणाच्या भुकटीतही सोडियम असते आणि तुमच्या मातीला नेमके तेच नको आहे. दुसरा आधार स्लॅबवरच्या पावसाचा आहे. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे एक लिटर पाणी होते. या हिशेबाने 40 चौरस मीटरच्या स्लॅबवर 10 मिलिमीटरची एक सर आली तर 400 लिटर पाणी पडते आणि गळती धरूनही 200 लिटरचा ड्रम भरून वाहतो. पन्हाळीखाली असा ड्रम ठेवा. पहिल्या सरीचे धुळीचे पाणी जाऊ द्या, आणि डासांनी अंडी घालू नयेत म्हणून तोंडावर घट्ट कापड बांधा. हिवाळ्यात बारा कुंड्यांना रोज बारा लिटर पाणी धरले तर हा ड्रम पंधरा-सोळा दिवसांच्या वर पुरत नाही. म्हणून ते पाणी बी उगवताना, रोपे लहान असताना आणि सांभारासाठी वापरा. पालक खार बराच सोसतो, तेव्हा बोअरचे पाणी द्यावेच लागले तर ते पालकाच्या वाट्याला जाऊ द्या. घेवडा, कांदा आणि गाजर यांना खार मुळीच सोसत नाही, त्यामुळे ही पिके तुमच्या गॅलरीत न लावलेलीच बरी. टोमॅटो, मिरची आणि वांगे या दोहोंच्या मधली आहेत.

आता मातीकडे वळू. वऱ्हाडातल्या काळ्या मातीचे बारीक कण ओले झाले की फुगतात आणि सुकले की आकसतात, त्यामुळे वावरात भेगा पडतात. कुंडीत तीच माती सुकली की काठ सोडून आत ओढली जाते, वरून घातलेले पाणी त्या फटीतून थेट खाली निघून जाते, आणि मधला गोळा कोरडाच राहतो. पाणी खाली आले म्हणजे कुंडी भिजली, असे आपल्याला वाटते. त्यातच खारपाणपट्ट्यातली माती पुष्कळ ठिकाणी चोपण असते, म्हणजे तिच्यात सोडियम जास्त असल्याने कण एकमेकांपासून सुटतात, ओलीत चिखल होतो आणि वाळली की वीट होते. तुमची माती चोपण आहे का, हे घरीच पाहता येते. सुपारीएवढे सुके ढेकूळ काचेच्या पेल्यात पावसाच्या पाण्यात अलगद सोडा आणि न हलवता तासभर ठेवा. ढेकूळ नुसते विरघळून तळाशी बसले आणि पाणी स्वच्छ राहिले तर काळजी कमी. पण ढेकळाभोवती दुधट धूर पसरून पाणी गढूळच राहिले, तर ती माती एकटी कुंडीत भरण्याच्या लायकीची नाही.

जुनी माती तरीही फेकून देऊ नका. पावसाची अजून एखाद-दुसरी झड बाकी आहे. कुंड्यांच्या तळाची छिद्रे खिळ्याने मोकळी करा, प्रत्येक कुंडीतली माती उकरून तिच्यात अर्धी मूठ जिप्सम मिसळा, आणि कुंड्या विटांवर टेकवून उघड्या स्लॅबवर पावसात राहू द्या. जिप्सममधला कॅल्शियम सोडियमला जागेवरून हटवतो आणि पाऊस त्याला धुऊन नेतो. पाऊस नसेल तर जिप्समचा उपयोग अर्धाच होतो. त्यानंतर या मातीचा एक भाग, जाड रेती किंवा विटांचा चुरा एक भाग आणि पूर्ण कुजलेले शेणखत एक भाग असे मिश्रण करा. शेणखत हातात घेतल्यावर त्याला शेणाचा वास येत असेल तर ते अजून कच्चे आहे. तसले खत कुंडीत तापते आणि त्यातून हुमणीची अळीही येते. चुलीची राख घालण्याची आपल्याकडे सवय आहे, परंतु तुमची माती आधीच विम्लधर्मी असणार, तेव्हा राखेला येथे पूर्ण विराम द्या. युरियाचेही तेच. वावरात मुठीने फेकला जाणारा युरिया कुंडीत क्षाराची आणखी भर घालतो. दर पंधरा-वीस दिवसांनी दोन मुठी गांडूळखत वरून मिसळले तर पुरेसे आहे.

शेतकरी घरांसाठी एक गोष्ट मुद्दाम वेगळी लिहिते. माती किंवा आच्छादनासाठी कुटार (भुसा) वावरातून आणत असाल तर त्या वावरात कोणते तणनाशक मारले होते, हे आधी विचारा. सोयाबीनमध्ये वापरले जाणारे इमॅझेथापायर मातीत बरेच महिने टिकून राहते, आणि सोयाबीनला ते सोसत असले तरी टोमॅटोसारख्या भाजीला सोसत नाही. 2,4-डी हे तणनाशक मारलेला पंप नुसता विसळून त्याच पंपाने कुंड्यांवर काही फवारले तर टोमॅटोचा शेंडा दोरीसारखा पिळवटतो, आणि आपण रोग समजून आणखी औषधे मारत बसतो. कीटकनाशकाचे रिकामे कॅन आणि ड्रम कितीही धुतले तरी कुंडीसाठी किंवा पाणी साठवण्यासाठी घेऊ नका. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या हंगामात विषबाधेने किती घरांवर आपत्ती आली, हे विदर्भात कोणी विसरलेले नाही. त्या विषांची भांडी खायच्या भाजीखाली ठेवण्याइतकी भांड्यांची टंचाई गावात नसते. पंधरा किलोच्या तेलाचे डबे, धान्याच्या जाड पिशव्या, फुटलेली घमेली हे सगळे चालते. टोमॅटो आणि वांग्याला 15 ते 20 लिटरचे भांडे लागते, मिरचीला 10 ते 12 लिटरचे पुरते, आणि मेथी, पालक, सांभार यांना खोलीपेक्षा पसरट जागा हवी असते. वीतभर मातीत ते आनंदाने वाढतात. वीस लिटरचे भांडे ओले झाले की 25 ते 30 किलोंचे होते, म्हणून मोठी भांडी भिंतीच्या बाजूला ठेवा, कठड्याकडच्या कडेला हलकी ठेवा, आणि खिडकीवरच्या छज्जावर तर एकही ठेवू नका.

फुले गळण्याचे कारण पाणी किंवा माती यांपेक्षा पंचांगात अधिक आहे. दिवसाचे तापमान 35 अंशांच्या वर आणि रात्रीचे 24-25 अंशांच्या वर राहू लागले की टोमॅटोचे पराग निकामी होऊ लागतात, फुले येतात पण फळ धरत नाही. तुम्ही शिवरात्रीला लावलेल्या रोपांना मार्चच्या शेवटी फुले आली असणार, आणि तेव्हा आपल्याकडे पारा या रेषेच्या पार गेलेला असतो. पुण्या-नाशिककडच्या हवेवर बेतलेले मोबाइलवरचे व्हिडिओ पाहून लागवड केली की हे हमखास होते. कुंडीचे हाल जमिनीहून जास्त, कारण पश्चिमेचे ऊन डब्याच्या पत्र्यावर पडते आणि स्लॅब खालून तापतो. दुपारी चार वाजता मातीत बोट खुपसून पाहा, ते ठेवून धरवत नाही, आणि मूळ मात्र तिथेच असते.

तुमचे पत्र पोळ्याला आले, ही चांगली गोष्ट आहे, कारण वऱ्हाडात कुंडीतल्या भाजीचा खरा हंगाम आता सुरू होतो. टोमॅटोचे बी या आठवड्यात एखाद्या पसरट भांड्यात टाका. पुसा अर्ली ड्वार्फसारखी बुटकी जात कुंडीला सोयीची पडते. साडेतीन-चार आठवड्यांची रोपे दसऱ्याच्या सुमारास मोठ्या डब्यांत लावली तर डिसेंबरपासून फळे मिळू लागतील. आधाराला तुराटी वापरा. पऱ्हाटी वापरू नका, तिच्या उरलेल्या बोंडांत गुलाबी बोंडअळी दडलेली असते आणि ती घरात आणून पुन्हा कपाशीकडे धाडण्याचे काही कारण नाही. सांभारासाठी ऑक्टोबरचा मध्य उजाडू द्या, कारण तापलेल्या मातीत तो उगवायला नाखूष असतो. धणे चपलेखाली किंवा लाटण्याने हलके रगडून दोन दले वेगळी करा, रात्रभर भिजवा, अर्ध्या बोटाइतके खोल पेरा आणि वर ओले तरट टाका. आठ ते बारा दिवस धीर धरा आणि कोंब दिसताच तरट काढा. सगळा सांभार एकदाच न टाकता दर पंधरा दिवसांनी एकेक घमेले पेरले, तर संक्रांतीपर्यंत घरात कधी खंड पडणार नाही. मेथी आणि पालकाचेही असेच करा.

हिवाळ्यात पश्चिमेच्या गॅलरीत दुपारनंतर चार-पाच तास ऊन मिळते, ते टोमॅटोला आणि मिरचीला पुरते. तीच गॅलरी होळीनंतर भट्टी होते. त्या वेळी निम्म्या कुंड्या सरळ रिकाम्या करून सावलीत रचून ठेवा, असे माझे स्पष्ट मत आहे. उरलेल्यांत चवळाई, आंबाडी आणि पुदिना ठेवा, वर हिरवी जाळी बांधा, डब्यांना बाहेरून तरट गुंडाळा, मातीवर चार बोटे कुटार पसरा. मेअखेरच्या नवतप्यात झाडे नुसती जगली तरी पुष्कळ झाले. भेंडी, गवार, बरबटी यांची वेळ मृगाबरोबर येईल.

किडीबद्दल फार लिहीत नाही, पण तुमचे गाव कपाशीच्या मधोमध आहे, एवढे ध्यानात ठेवा. भेंडी आणि आंबाडी या कपाशीच्याच कुळातल्या, त्यामुळे तुडतुडे आणि पांढरी माशी वावरातून सरळ गॅलरीत येतात, आणि पांढरी माशी भेंडीत केवडा रोग पसरवते. भेंडी लावायचीच असेल तर केवड्याला बऱ्यापैकी दाद न देणारी परभणी क्रांती ही जात घ्या. मिरचीची पाने वरच्या बाजूला होडीसारखी वळली तर फुलकिडे आहेत, खाली वळली तर कोळी आहे. दोन्हींसाठी आधी पाठीमागून पाण्याचा जोरदार फवारा द्या, मग निंबोळी अर्क. वाळवलेल्या निंबोळ्यांची 50 ग्रॅम भुकटी रात्रभर थोड्या पाण्यात भिजवा, सकाळी गाळून एक लिटर करा, चिमूटभर साबण घाला आणि संध्याकाळी फवारा. घरात कपाशीसाठी आणलेले मोनोक्रोटोफॉस असेल तर त्याला हातही लावू नका. भाजीपाल्यावर ते वापरायला बंदीच आहे.

सासूबाईंच्या बोलण्याचा राग मानू नका. न्हाणीच्या पाण्यावर चमकोरा (अळू) आणि मांडवावर दोडका हे सगळे त्यांनी परसात केलेले असणार, आणि डब्यातली भाजी पाहून हसणाऱ्या बाईला दोडक्याचे फूल कधी उमलते हे नक्की ठाऊक असते. तुमच्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर त्यातच आहे. दोडक्याचे फूल सकाळी उमलत नाही, ते दिवस कलल्यावर, चार-पाचच्या पुढे उमलते. त्या वेळी माडीवर मधमाशा फिरकत नाहीत, म्हणून परागीभवन होत नाही आणि कोवळा दोडका पिवळा पडून गळतो. नर फुले वेलावर घोसाने येतात आणि त्यांचा देठ साधा असतो. मादी फुलामागे बोटाच्या पेराएवढा शिरांचा दोडका आधीच दिसतो. दिवेलागणीच्या आधी एक ताजे नर फूल तोडा, त्याच्या पाकळ्या मागे दुमडा आणि आतली पिवळी भुकटी मादी फुलाच्या मधल्या भागावर तीन-चार वेळा हलकेच टेकवा. त्या देठाला एक रंगीत दोरा सैल बांधून ठेवा. दोन-तीन दिवसांत दोरा बांधलेला दोडका हिरवा राहून लांबू लागला, तर राहिलेली फुले सासूबाईंच्या हाती द्या.